संगणकाच्या पॉवर सप्लायची पारख

घरात नवा संगणक घ्यावयाचे ठरले म्हणजे प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा केवढा, याची चर्चा चार दिवस चालते. ज्या पेटीतून या सर्वांना वीज मिळावयाची, तिचे नाव मात्र यादीच्या तळाशी येते. आणि खर्चाचा आकडा फुगला की पहिली कात्री तिलाच लागते. बाजारात तिला ‘एसएमपीएस’ म्हणतात, कोणी नुसते ‘पॉवर सप्लाय’ म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून ती शेकडो रुपयांपासून हजारो रुपयांपर्यंत नाना किमतींना मिळते, आणि पुष्कळदा कॅबिनेटच्या किमतीतच तिचा समावेश असतो. वरून पाहावे तर सर्व पेट्या सारख्याच : पत्र्याचा एक डबा, एक पंखा आणि तारांचा एक जुडगा. मग किमतीतील हा फरक कशाचा, आणि तो ओळखावा कसा ?

हा प्रश्न केवळ काटकसरीचा नव्हे. मेमरी बिघडली तर बहुधा ती एकटी जाते. तिच्या जागी दुसरी घालता येते. पॉवर सप्लाय वाईट तऱ्हेने बिघडला तर तो जाताना मदरबोर्ड, डिस्क आणि तिच्यावर साठविलेली अनेक वर्षांची कागदपत्रे व छायाचित्रे यांनाही बरोबर घेऊन जाऊ शकतो. शिवाय घरातील विजेचा पूर्ण दाब ज्या ठिकाणी संगणकात शिरतो ते हेच ठिकाण असल्यामुळे, यंत्राबरोबर माणसाच्या जिवाचाही प्रश्न येथेच उभा राहतो.

पेटीचे काम समजून घेतले म्हणजे पारख सोपी होते. भिंतीवरील प्लगातून येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते व सेकंदास ५० आवर्तने घेते. संगणकाला हवी असते ती एकाच दिशेने वाहणारी आणि अगदी सौम्य वीज : १२, ५ व ३.३ व्होल्टांची. हा बदल जुन्या पद्धतीने करावयाचा म्हणजे लोखंडी गाभ्याचा कित्येक किलो वजनाचा ट्रान्सफॉर्मर लागला असता. म्हणून पेटी प्रथम येणारी वीज एकदिश करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठविते. तेथे तिचा दाब सव्वातीनशे ते चारशे व्होल्टांपर्यंत चढतो. नंतर इलेक्ट्रॉनिक स्विच ही वीज सेकंदास लाखभर वेळा तोडतात व जोडतात. आवर्तने इतकी जलद झाली म्हणजे काडेपेटीहून थोड्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरनेही काम भागते. त्यातून उतरलेली सौम्य वीज पुन्हा एकदिश केली जाते, गाळली जाते आणि तारांतून पुढे जाते.

अशा रीतीने पेटीच्या आत दोन प्रांत होतात : एक प्राणघातक दाबाचा, दुसरा निरुपद्रवी. दोहोंच्या मध्ये वीज सरळ ओलांडू शकणार नाही अशी सीमा राखावी लागते. ट्रान्सफॉर्मरमधून शक्ती पलीकडे जाते ती चुंबकत्वाच्या रूपाने. दाब कमीजास्त झाल्याचा निरोप उलट दिशेने येतो तो प्रकाशाच्या रूपाने, कारण त्यासाठी योजलेल्या भागात एक लहान दिवा व त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा घटक एवढेच असतात. दोन प्रांतांतील तांब्याच्या रेषांत काही मिलिमीटर अंतर सोडलेले असते, गुंडाळ्यांमध्ये पक्के विद्युत्‌रोधक वेष्टण असते. हलक्या पेटीत काटकसर होते ती येथेच. अंतर आकसते, वेष्टण पातळ होते, प्रवेशद्वाराशी असावयाची गाळणी गाळली जाते आणि तिच्या जागी तारेचा एक तुकडा जोडून दिला जातो. यातले काहीही बाहेरून दिसत नाही, आणि संगणक तर पहिल्या दिवशी व्यवस्थित चालू होतो !

म्हणून ‘चालते म्हणजे चांगली’ हा न्याय या पेटीस लागू नाही. तिची खरी परीक्षा उन्हाळ्यात, पूर्ण भाराखाली आणि बिघाडाच्या क्षणी होते. गृहस्थाला ती परीक्षा स्वतः घेता येत नाही. परंतु कोणी घेतली आहे की नाही, हे त्याला वाचता येते.

वाचनाचा आरंभ पेटीच्या अंगावरील तक्त्यापासून करावा. ‘४५० वॅट’ असा मोठा आकडा पाहून समाधान मानू नये. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, एवढे शालेय गणित येथे पुरते. एटीएक्स ही या पेट्यांची मांडणी इंटेल कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केली. त्या काळी संगणकाचा बराचसा भार ५ व ३.३ व्होल्टांवर असे. पुढे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची भूक १२ व्होल्टांच्या तारांवर आली आणि २००३ च्या सुधारित नियमांनी त्याच तारांना प्राधान्य दिले. म्हणून तक्त्यात १२ व्होल्टांखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट झाले; ४५० चा दावा खरा मानण्यास हरकत नाही. परंतु तेथे १४ अँपिअरच असतील तर गुणाकार १६८ वॅटांवर थांबतो, आणि उरलेला आकडा आजच्या संगणकास फारशा उपयोगाचा नसतो. तसेच ही शक्ती अखंड मिळावयाची की क्षणभर, आणि किती उष्णतेत, हेही पाहावे. २५ अंशांवर दिलेले वचन आणि ४० किंवा ५० अंशांवर दिलेले वचन यांत मोठे अंतर आहे. नागपूर–चंद्रपूरकडील उन्हाळ्यात बंद कॅबिनेटच्या आत २५ अंश हा आकडा स्वप्नातच पाहावयाचा.

दुसरी गोष्ट कार्यक्षमतेच्या पदव्यांची. ‘८० प्लस’ ही योजना २००४ साली अमेरिकेत सुरू झाली. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज संगणकास पोहोचविणाऱ्या पेटीस तिचे मूळ चिन्ह मिळते. पुढे कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम व टायटॅनियम अशा वरच्या पायऱ्या आहेत. हिचा उपयोग खरा आहे. संगणकास ३०० वॅट हवे असता ८० टक्क्यांची पेटी ३७५ वॅट ओढते व ७५ वॅटांची उष्णता करते. ९० टक्क्यांची पेटी सुमारे ३३३ ओढते व ३३ वॅटच जाळते. उष्णता निम्म्याहून कमी, पंखा शांत, आयुष्य अधिक. तथापि ही परीक्षा २३ अंशांच्या आसपास घेतली जाते आणि ती कार्यक्षमतेची असते, सुरक्षिततेची नव्हे. विजेतील तरंग किती, बिघाडाच्या वेळी पेटी बंद पडते की पेट घेते, याविषयी ते चिन्ह मूक असते.

याचे उदाहरण २०२१ साली पाहावयास मिळाले. गिगाबाइट या तैवानमधील प्रख्यात कंपनीच्या ७५० व ८५० वॅटांच्या दोन नमुन्यांची काही स्वतंत्र परीक्षकांनी अतिभाराची चाचणी घेतली, तेव्हा त्यांतील काही नग मोठा आवाज होऊन निकामी झाले. दोन्ही नमुन्यांवर सुवर्ण पदवी होती. चाचणीच्या उपकरणांनी दीर्घकाळ जबर भार दिल्यास अशी हानी संभवते, असे कंपनीने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगितले. त्याच वेळी, पूर्वी भार १२० ते १५० टक्क्यांवर गेल्यावर तुटणारी वीज यापुढे ११० ते १२० टक्क्यांवरच तुटेल असा बदल तिने जाहीर केला आणि ठराविक अनुक्रमांकांचे नग बदलून देण्याची व्यवस्था केली. धडा एवढाच की, नावही मोठे आणि पदवीही मोठी असली तरी रक्षणाची रेषा कोठे आखली आहे हे वेगळे पाहावे लागते.

ही रक्षणे म्हणजे पेटीचे पहारेकरी. दाब मर्यादेबाहेर चढला, प्रवाह जास्त झाला, एकूण भार वाढला, दोन तारा एकमेकींस चिकटल्या किंवा आतील उष्णता फार झाली, तर त्यांनी वीज तोडावयाची असते. वेष्टनावर ‘ओव्हीपी, ओसीपी, ओपीपी, एससीपी, ओटीपी’ अशी जी अक्षरे दिसतात ती अनुक्रमे यांचीच. यांपैकी दाबाचा पहारेकरी नसणे सर्वांत घातक. कारण १२ व्होल्टांच्या जागी भलताच दाब गेला तर संगणकातील नाजूक भाग क्षणात जळतात.

वीज स्थिर असणे हेही गुणाचेच लक्षण. १२ व्होल्टांचा दाब साधारणतः पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहावा आणि त्यावरील तरंग १२० मिलिव्होल्टांहून अधिक नसावा, अशी एटीएक्सची अपेक्षा आहे. घरगुती मीटरने सरासरी दाब कळतो, तरंग कळत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. तिसरे माप धारणकाळाचे. भिंतीतील वीज गेल्यावर पेटीने आपल्या साठ्यावर सुमारे १७ मिलिसेकंद तरी तग धरावा असा दंडक आहे. साध्या यूपीएसला बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढी फट याच साठ्याने भरून निघते. यूपीएस असूनही दिवे लुकलुकताच संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर यूपीएसला दोष देण्यापूर्वी या पेटीकडेही पाहावे.

पेटीचे आयुष्य बहुतांशी तिच्या कपॅसिटरांवर अवलंबून असते. त्यांतील द्रव उष्णतेने आटत जातो. ढोबळ नियम असा की, तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल; ८५ अंशांवर तितकेच तास टिकणारा मात्र ८,००० तासांत थकेल. रोज आठ तासांच्या हिशेबाने पहिल्यास अकरा वर्षे होतात, दुसऱ्यास तीनही पुरी होत नाहीत. म्हणूनच चांगले उत्पादक १०५ अंशांचे कपॅसिटर वापरल्याचे आवर्जून सांगतात, आणि त्या बळावर सात किंवा दहा वर्षांची हमी देतात. हमीची मुदत ही उत्पादकाने स्वतःच्या मालावर लावलेली पैज होय. ग्राहकाने ती मोलाची खूण मानावी.

सुरक्षिततेच्या चिन्हांत भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह प्रथम शोधावे. त्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, व तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. चिन्ह छापणे कोणासही सोपे. क्रमांकामागील नाव-पत्ता जुळविणे तितके सोपे नाही. याखेरीज सायप्रसमधील सायबेनेटिक्ससारख्या संस्था व काही स्वतंत्र परीक्षक पेट्यांचे मोजमाप करून अहवाल प्रसिद्ध करतात. नेमक्या त्याच नमुन्याचा अहवाल पाहावा. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

इतके करून उत्तम पेटी आणली तरी घरातील अर्थिंग खरे नसेल तर निम्मे रक्षण व्यर्थ जाते. पेटीच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या गाळणीतील काही कपॅसिटर पत्र्याच्या डब्याशी जोडलेले असतात आणि त्यांतून अत्यल्प वीज अर्थिंगकडे वाहत असते. अर्थिंग नसेल तर डबा सुमारे निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास तरंगतो, व कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात. या झिणझिण्यांनी सहसा इजा होत नाही. पण त्या अर्थिंग नसल्याची वर्दी देतात. पुढे कधी आतील जिवंत तार डब्यास टेकली, तर त्या विजेला जमिनीकडे जाण्यास माणसाच्या देहावाचून दुसरी वाट उरत नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसविण्यासाठी जोडतुकडा वापरणे म्हणजे ही वाट आपल्या हाताने बंद करणे होय. सुतारकाम व रंगकाम यांच्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे.

आणखी काही पथ्ये थोडक्यात. जुन्या पेटीच्या पाठीवर ११५ व २३० असा लाल खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच असावा, चुकून ११५ वर गेल्यास पेटी चालू करताच उडते. सुट्या तारांच्या पेटीत दुसऱ्या पेटीच्या तारा लावू नयेत, कारण पेटीकडील टोकाची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी असते. ग्राफिक्स कार्डाचा सोळा पिनांचा प्लग शेवटपर्यंत दाबून बसवावा; २०२२ साली तो वितळल्याच्या ज्या घटना गाजल्या, त्यांतील पुष्कळांत तो अर्धवट बसविलेला होता. जळका वास, टकटक आवाज किंवा अकारण बंद पडणे, यांपैकी काही दिसले तर पेटी बदलावी. ती स्वतः उघडण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक वीज शिल्लक राहू शकते.

तात्पर्य, पॉवर सप्लायची किंमत ही वॅटांची किंमत नव्हे. चार गोष्टी घरी बसून पाहता येतात : १२ व्होल्टांखालील अँपिअर, पडताळलेला नोंदणी क्रमांक, हमीची वर्षे आणि त्याच नमुन्याचा स्वतंत्र अहवाल. पाचवी गोष्ट, भिंतीतील अर्थिंग, ही दुकानात मिळत नाही. ती घरातच पाहावी लागते. हे सर्व पाहण्यास एक संध्याकाळ पुरते. दोन-तीन हजार रुपये वाचविण्यासाठी ती संध्याकाळ टाळणाऱ्यास पुढे किती मोजावे लागेल, याचा अंदाज मात्र आधी करता येत नाही.