भटक्या कुत्र्यांसाठी १०० किलोमीटर: चालून-धावून पैसे कसे उभे राहतात, आणि जातात कुठे?

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी पहाटे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात हजारो लोक जमतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर धावणारे असतात, तसेच सहाएक किलोमीटरच्या 'ड्रीम रन'मध्ये हसतखेळत चालणारेही असतात. अनेकांच्या टी-शर्टवर एखाद्या सामाजिक संस्थेचं नाव असतं. कुणी कर्करुग्णांसाठी धावतं, कुणी शाळांसाठी, कुणी भटक्या प्राण्यांसाठी.

बघणाऱ्याला साधा प्रश्न पडतो. हा माणूस इथे घाम गाळतोय, त्यातून नाक्यावरच्या कुत्र्याला काय मिळणार?

खरं तर धावण्यातून थेट काहीच मिळत नाही. पैसे मिळतात ते मागण्यातून. धावणं हे मागायला मिळालेलं निमित्त असतं.

शर्यतीची फी म्हणजे देणगी नव्हे

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. शर्यतीत नाव नोंदवताना भरलेली फी सहसा आयोजकांकडे जाते. संस्थेला पैसे मिळतात ते धावणाऱ्याने आपल्या नातेवाइकांकडून, मित्रांकडून, ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून गोळा केलेल्या देणग्यांतून. मोठ्या शर्यतींमध्ये संस्थांसाठी काही जागा राखीव असतात. ठरावीक रक्कम उभी करण्याची तयारी असलेल्याला त्या मिळतात. १९८१ मध्ये सुरू झालेली लंडन मॅरेथॉन याच पद्धतीवर वाढली. २०२५ च्या एकाच शर्यतीतून तिथे विविध संस्थांसाठी ८ कोटी ७३ लाख पौंड जमले.

अर्थात शर्यत हवीच असं नाही. 'महिन्यात १०० किलोमीटर' हे आव्हान घरबसल्याही घेता येतं. रोजचे साडेतीन किलोमीटरही होत नाहीत. आठवड्याला दोन दिवस विश्रांती घेतली तर चालायच्या दिवशी साडेचारच्या आसपास, म्हणजे पाऊण ते एक तास. ज्याला लिफ्ट बंद पडली की धडकी भरते, त्याच्यासाठी हे खरंच आव्हान आहे. दर रविवारी २० किलोमीटर धावणाऱ्याने हेच जाहीर केलं, तर ओळखीची माणसं मनात हसतील आणि पाकीट खिशातच ठेवतील.

दुसऱ्याच्या घामासाठी लोक पैसे का देतात?

क्रिस्टोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक गमतीशीर गोष्ट समोर आली. मदतीसाठी सहल काढली तर लोक जितकं द्यायला तयार होतात, त्याहून जास्त ते कष्टाच्या शर्यतीसाठी देतात. सहल सोपी आणि सुखाची असूनही. कष्ट पडले की देण्याला वजन येतं, असं त्यांचं म्हणणं. काम दुःख कमी करण्याचं असेल तर हा परिणाम ठळक दिसतो. बागबगीच्यासारख्या सुखसोयींच्या कामात तो तितका दिसत नाही. उपासतापास आणि पायी वारी पाहत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला यात फारसं नवल वाटू नये.

दुसरा अभ्यास जास्त कामाचा आहे. ब्रिटनमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंची ऑनलाइन देणगीची पानं तपासली. आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली, तर पुढचा माणूस सरासरी अडीच पौंड जास्त देतो, असं दिसलं. म्हणून आवाहन सगळीकडे पाठवण्याआधी घरातल्या उदार आत्याला किंवा मोठ्या भावाला गाठावं. सुरुवातच ५१ रुपयांनी झाली, तर पुढचेही तिथेच घुटमळतात.

'कुत्रे चावतात, त्यांच्यासाठी पैसे मागतोस?'

प्राण्यांसाठी मागणाऱ्याला कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न ऐकावाच लागतो. त्याला 'मुकी जनावरं आहेत हो' एवढंच उत्तर पुरत नाही. ज्याच्या नातवाला कुत्रा चावलाय, त्याचा राग खोटा नसतो.

उत्तर रेबीजमध्ये आहे. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांकडून होतो, आणि एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर संसर्गाची साखळी तुटते. म्हणजे कुत्र्याच्या लशीसाठी दिलेले पैसे गल्लीत खेळणाऱ्या पोराच्याही कामी येतात.

हे कागदावरचं गणित नाही. शेजारच्या गोव्यात ते करून दाखवलं गेलं. 'मिशन रेबीज' ही मोहीम २०१३ मध्ये सुरू झाली. राज्य सरकारच्या साथीने तिची पथकं जाळी घेऊन गावोगाव फिरली. टोचलेल्या कुत्र्याची मोबाइल अ‍ॅपवर नोंद झाली, शाळांमध्ये मुलांना रेबीजची माहिती दिली गेली, संशयित कुत्र्यांवर लक्ष ठेवलं गेलं. २०१३ ते २०१९ या काळाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांमधल्या रेबीजची दरमहा प्रकरणं ९२ टक्क्यांनी घटल्याचं आणि माणसांचे मृत्यू थांबल्याचं नोंदलं आहे. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं.

लसीकरणाच्या जोडीला निर्बीजीकरण येतं. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्याला पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, लस द्यायची, जखम भरेपर्यंत सांभाळायचं आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. कानाला पाडलेली छोटी खाच ही त्याची खूण. पकडणारी माणसं, गाडी, पशुवैद्य, भूल, पिंजरे, खाणं हा सगळा खर्च रोजचा आणि कंटाळवाणा असतो. जखमी पिल्लाच्या फोटोवर देणग्या लगेच येतात, पिंजऱ्यांच्या दुरुस्तीला कुणी विचारत नाही. आव्हान घेणाऱ्याने मागायचं ते यासाठी मागितलं, तर संस्थेची खरी अडचण सुटते.

पैसे देण्याआधी काय पाहावं?

संस्था नोंदणीकृत आहे का, प्राप्तिकरात '८०जी' म्हणून ओळखली जाणारी सवलत तिच्या देणग्यांना मिळते का, हे आधी विचारावं. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेवर, आणि २ हजार रुपयांहून जास्त रोख दिली तर मिळत नाही. संस्था निर्बीजीकरण करत असेल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता लागते. गेल्या वर्षी किती शस्त्रक्रिया केल्या आणि किती लशी दिल्या, हे चांगली संस्था विचारल्याबरोबर सांगते.

स्वतःच्या यूपीआय खात्यात पैसे गोळा करणं टाळलेलं बरं. हेतू कितीही स्वच्छ असला तरी हिशेब देताना घाम फुटतो, आणि देणगीदाराला संस्थेची पावतीही मिळत नाही. काही ऑनलाइन मंचांवर देणगीसोबत 'टिप'ची रक्कम आधीच निवडून ठेवलेली असते. ती शून्य करता येते का, ते पैसे भरण्यापूर्वी बघावं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मागताना त्यांचा पासपोर्ट महत्त्वाचा. न्यू जर्सीतल्या मामेभावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र संस्थेकडे 'एफसीआरए' नोंदणी असल्याशिवाय तिला ते पैसे घेता येत नाहीत.

राहिला फोटोचा मोह. आव्हान कुत्र्यांसाठी आहे म्हणून घरच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्यालाही सोबत पळवण्याची कल्पना अनेकांना सुचते. माणूस अंगभर घाम गाळून थंड होतो, कुत्र्याला मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढावी लागते. ऊन चढलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे पंजे भाजतात. पहाटेचा एखादा किलोमीटर त्याच्यासोबत जरूर चालावा. बाकीच्या नव्याण्णवांसाठी त्याला घरीच झोपू द्यावं.