दुरून करावयाचें साहाय्य

हल्लीं आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांस घरांत एक नवा मान प्राप्त झाला आहे. गांवीं राहणाऱ्या आजीचा किंवा आजोबांचा टॅब्लेट अडला, म्हणजे फोन येतो तो वडिलांस नव्हे, तर आठवी-नववींतल्या नातवास. "अरे, माझें सगळें नाहींसें झालें बघ!" एवढेंच वाक्य पलीकडून ऐकूं येतें, आणि शंभर कोसांवर बसलेल्या मुलानें तेवढ्यावरून रोग ओळखावा अशी अपेक्षा असते. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. तें नीट कसें करावें, व तें करतांना कोणती सावधगिरी बाळगावी, याविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं सांगावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम ज्या कांचेवर हा सर्व कारभार चालतो ती कांच समजून घेतली पाहिजे. तिच्याखालीं विद्युत्वाहक पदार्थाच्या पारदर्शक रेषांचें बारीक जाळें पसरलेलें असतें. बोट टेकलें कीं त्या ठिकाणचा विद्युत्-संचय किंचित् बदलतो, आणि हा बदल कोठें झाला तें यंत्र मोजतें. म्हणजे येथें बोटाच्या जोराशीं फारसा संबंध नाहीं. परंतु आजीचा सारा जन्म जोर लावून कामें करण्यांत गेलेला असतो. शेतांत व चुलीपाशीं राबून तिच्या बोटांची कातडी कोरडी व जाड झालेली असते; अशा बोटाचा स्पर्श कांचेस पुष्कळदां उमगतच नाहीं. मग आजी अधिक जोरानें व अधिक वेळ दाबून धरते. हें दाबून धरणें म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें निराळाच हुकूम! आयपॅडवर त्यामुळें सर्व चित्रें थरथरूं लागतात व त्यांच्या कोंपऱ्यांत उणें चिन्ह दिसूं लागतें. तें दाबल्यास चित्र काढून टाकावयाचें काय, असें यंत्र विचारतें. आजी घाबरून "हो" म्हणते. "सगळें नाहींसें झालें" या तक्रारीचें मूळ अनेकदां एवढेंच असतें. अशा वेळीं नातवानें "नीट दाब ना!" असें ओरडण्यापेक्षां, "आजी, ओल्या फडक्यानें बोट पूस, आणि हलकेच टेकवून लगेच उचल," असें सांगावें. कांचेवर पाण्याचा थेंब मात्र राहूं देऊं नये. त्यानेंही यंत्राचा घोटाळा होतो.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. ज्याला दिसतें त्याला समजत नाहीं, व ज्याला समजतें त्याला दिसत नाहीं, अशी ही जोडी आहे. म्हणून सांगणाऱ्यानें आधीं विचारावें, मग सांगावें. "सेटिंग्जमध्यें जा" हें वाक्य मुलास स्वच्छ वाटतें. आजीला तो परदेश आहे. "आजी, तुला पडद्यावर सगळ्यांत वर काय दिसतें?" "घड्याळ दिसतें बाबा." "त्याच्या खालीं?" "चित्रें आहेत. एक दातेरी चाकासारखें आहे." "तेंच. त्याच्यावर बोट टेकव, आणि आतां काय दिसतें तें मला सांग." असें प्रत्येक पावलानंतर पलीकडचें उत्तर येईपर्यंत थांबावें. तीन पावलें एका दमांत सांगणारा मुलगा चौथ्या पावलास वाट चुकतो, आणि चूक कोठें झाली हें दोघांसही कळत नाहीं.

या कामीं नांवें महत्त्वाचीं. दातेरी चाक, तीन ठिपके, तीन आडव्या रेघा, कागदी विमान, लहान विमान हे शब्द आजीचे आहेत व तेच वापरावे. दिशेच्या बाबतींतही एक खुबी आहे. टॅब्लेट उभा धरलेला आडवा केला कीं पडद्यावरील मजकूर फिरतो, आणि "उजवीकडचा वरचा कोंपरा" म्हणजे कोणता हेंच बदलतें. तेव्हां तो कसा धरला आहे हें सर्वांच्या आधीं विचारावें. वर्गांत आम्ही मुलांकडून एक खेळ करवून घेतों. दोघांस पाठीला पाठ लावून बसवितों. एकानें भूमितीची आकृति पाहून तिचें वर्णन करावयाचें व दुसऱ्यानें ती न पाहतां काढावयाची. वर्गांतील हुशार मुलें या खेळांत हमखास पहिलीं येतात असें मुळींच नाहीं.

किरकोळ दुखण्यांवर यंत्र बंद करून पुन्हां सुरू करणें हा उपाय प्रसिद्ध आहे. त्याची थट्टाही होते. पण त्यास कारण आहे. चालू असलेले कार्यक्रम आपलें टांचण यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत ठेवीत असतात. पुष्कळ दिवसांत तेथें गोंधळ साचतो. यंत्र बंद केलें कीं ही पाटी पुसली जाते व कामें पहिल्यापासून नीट सुरू होतात. जपून ठेवलेले फोटो वेगळ्या कायमच्या स्मृतींत असतात, त्यांस धक्का लागत नाहीं. आजीला ही खात्री आधीं द्यावी, नाहीं तर ती यंत्र बंद करणार नाहीं. "इंटरनेट गेलें" या तक्रारींत लहान विमानाच्या चित्रावर नकळत बोट पडलें आहे काय, तें पाहावें. तें चालू झालें कीं यंत्राचा बाहेरच्या जगाशीं संबंध सहसा तुटतो.

बोलून भागत नसेल तर आजीचा पडदाच आपणांस पाहतां येतो. यंत्र आपल्या पडद्याचीं चित्रें सेकंदास अनेक वेळां टिपून इंटरनेटवरून धाडीत राहतें. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्यें ही सोय २०२३ सालीं आली. आयपॅडवर फेसटाइममधून पडदा दाखवितां येतो, आणि २०२४ सालच्या आवृत्तीपासून मालकानें परवानगी दिल्यास दुरून तो चालवितांही येतो. अँड्रॉइडच्या टॅब्लेटसाठीं टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारखीं ॲपें आहेत. येथें इंटरनेट चालू असावें लागतें हें उघड आहे; म्हणून बोलण्यासाठीं साधा फोन शेजारीं असूं द्यावा. पाहतां पाहतां मध्येंच पडदा काळा झाला तर घाबरूं नये. पुष्कळ बँकांचीं ॲपें आपलीं पानें दुसऱ्यास दिसूं देत नाहींत.

परंतु ज्या दारानें नातू आंत येतो त्याच दारानें चोरही येतो, आणि पालकांनीं विशेषतः हा भाग लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंति आहे. "मी बँकेंतून बोलतों, आपलें खातें आज बंद होणार आहे, हें ॲप घ्या, मी दुरून दुरुस्त करून देतों," असा गोड आवाज येतो. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें एनीडेस्कच्या अशा दुरुपयोगाविषयीं बँकांस सावध केलें होतें. ॲप वाईट नव्हे. सुरीनें भाजीही चिरतात. पण आपण वडील माणसांस "पासवर्ड कोणाला सांगूं नका" इतकेंच शिकवितों, तें येथें अपुरें पडतें. पडदा दुसऱ्यास दिसत असतां बँकेचा ओटीपी संदेश आला, तर तो चोरही वाचूं शकतो. आजीनें कोणास एक अक्षर सांगितलेलें नसतें, तरी पैसे जातात. अँड्रॉइडवर 'ॲक्सेसिबिलिटी' नांवाची एक परवानगी आहे. ती मूळ अंध व अपंग बांधवांच्या सोयीसाठीं केलेली. तीच मागून लबाड ॲपें पडदा वाचतात व चालवितात. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती कधींही देऊं नये.

ओळखण्याची खूण आम्ही मुलांस अशी सांगतों कीं, फोन प्रथम कोणीं केला तें पाहा. आजीनें नातवास फोन केला तर तें साहाय्य. परक्यानें आपण होऊन आजीस फोन केला व लगेच घाई लावली, तर फोन खालीं ठेवावा आणि पासबुकावरील क्रमांकावर बँकेस स्वतः विचारावें. नातवानेंही शिस्त पाळावी. काय करणार आहों तें आधीं सांगावें, आजीचे खासगी संदेश उघडूं नयेत, काम संपतांच जोडणी तोडावी व ती तुटल्याचें आजीकडूनच पाहवून घ्यावें. जें तिला स्वतःला करतां येईल तें आपण करूं नये. पावलें मोठ्या अक्षरांत वहींत लिहावयास सांगावीं.

आणि चोर आंत शिरलाच असा संशय आला, तर तें लहान विमान कामास येतें. त्यावर बोट टेकलें कीं दुरून चालविणाऱ्याचा हात सहसा त्याच क्षणीं सुटतो. नंतर दुसऱ्या फोनवरून बँकेस व १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावें. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वीं अडविले जाण्याचा संभव तेवढ्या वेळांतच असतो. हा क्रमांक व तें विमानाचें चित्र, दोन्ही त्या वहीच्या पहिल्या पानावर येत्या सुट्टींत नातवानें स्वतःच्या हातानें काढून द्यावीं.