एसी दुरुस्त करावा की बदलावा? (घरातील यंत्रे : लेखांक ७)

घरगुती वातानुकूलन यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसी, बिघडला की तो किती वर्षांचा झाला हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वस्तुतः बिघाड यंत्राच्या कोणत्या भागात आहे हे आधी ठरले पाहिजे, कारण एकाच वयाच्या दोन यंत्रांपैकी एक काही शे रुपयांच्या सुट्या भागाने पूर्ववत होते, तर दुसऱ्यावर केलेला खर्च पुढच्याच उन्हाळ्यात पाण्यात जातो. मागील लेखांकात वर्णन केलेले शीतकचक्र येथे उपयोगी पडते. शीतक म्हणजे व्यवहारात ज्याला ‘गॅस’ म्हणतात तो पदार्थ. कंप्रेसर, बाहेरची कंडेन्सर कॉइल, दाब उतरवणारी बारीक नळी किंवा झडप आणि खोलीतली कूलिंग कॉइल यांतून तो बंदिस्त वाटेने फिरत राहतो.

या बंदिस्त वाटेबाहेरचे बिघाड बहुधा दुरुस्तीयोग्य असतात. बाहेरचा पंखा फिरतो, कंप्रेसर काही क्षण घुमतो आणि बंद पडतो, अशा वेळी पुष्कळदा दोष कपॅसिटरचा, म्हणजे मोटर सुरू करण्यास साहाय्य करणाऱ्या लहानशा नळकांड्याचा असतो, आणि त्याचे सपाट टोक फुगलेले नुसत्या डोळ्यांनाही दिसते. भिंतीवरून पाणी ओघळणे हे तुंबलेल्या ड्रेन पाइपचे लक्षण असते. इन्व्हर्टर एसीतील पीसीबी, म्हणजे कंप्रेसरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक फलक, मात्र महाग असतो; विजेच्या दाबातील चढउताराने किंवा आत शिरलेल्या पालीमुळे तो जळतो, आणि नवा फलक मिळणार नसेल तर इतर भाग धडधाकट असूनही यंत्र बदलावे लागते.

बंदिस्त वाटेतील बिघाडाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि म्हणून दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे ही दुरुस्ती नव्हेच. कोकण किनाऱ्यावरील खारी हवा कॉइलच्या पात्या खाते, तर खाडी किंवा उघड्या गटाराजवळच्या घरांत हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे तांब्याच्या नळीला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. खरी दुरुस्ती करताना नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरतात, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा कोठे येतो ते पाहतात, भोक ब्रेझिंगने बुजवतात, पंपाने आतली हवा व ओलावा काढून घेतात, आणि मगच यंत्रावरील पट्टीत नोंदलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरतात. कॉइल जागोजागी झिजलेली असेल, तर एक भोक बुजवल्याने पुढचे टळत नाही.

गॅसचा प्रकारही निर्णायक ठरतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारा शीतक १९८७च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने हद्दपार होत असून, त्याच्या यंत्रात आर-३२ किंवा आर-४१०ए भरता येत नाही. या दोहोंचा दाब बराच जास्त असतो, त्यांना लागणारे तेल वेगळे असते आणि आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशीलही असतो. त्यामुळे आर-२२च्या यंत्राचा कंप्रेसर जळाला, तर त्यावर मोठा खर्च करू नये. नव्या यंत्राचा कंप्रेसर जळाला, तर हमीपत्र आधी पाहावे, कारण कंप्रेसरची हमी पुष्कळदा संपूर्ण यंत्राच्या हमीहून बरीच लांब असते.

वीजबचतीचा मुद्दा विक्रेते आवर्जून मांडतात. तो खरा असला तरी वापराच्या तासांवर अवलंबून आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवरील ‘आयएसईईआर’ हा आकडा म्हणजे हंगामभरात खोलीतून काढलेली उष्णता आणि त्यासाठी लागलेली वीज यांचे गुणोत्तर होय. हे निकष वेळोवेळी कडक होतात: २०१८मध्ये ४.५ला पाच तारे मिळत, जुलै २०२२पासून त्यांसाठी ५ आवश्यक झाले. म्हणून जुने व नवे तारे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. लेबलवरील वार्षिक युनिटे १६०० तासांची असतात. समजा, जुन्या यंत्राला १२०० व नव्याला ८०० युनिटे लागतात आणि युनिटचा दर १० रुपये आहे; तर दमट मुंबईत रात्री-रात्री मिळून १६०० तास एसी चालवणाऱ्या घराचे वर्षाला ४००० रुपये वाचतील, पण पुण्यात जेमतेम ४०० तास चालवणाऱ्याचे १०००च. दुसऱ्या घराने केवळ बिलासाठी चालता एसी काढणे हिशेबात बसत नाही.

यंत्र बदलायचेच ठरले, तर जुन्यातला गॅस हवेत सोडू न देता सिलिंडरमध्ये काढून घेण्यास सांगावे आणि यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. दुरुस्ती करायची ठरली, तर गळती नेमकी कोठे सापडली हे तंत्रज्ञाने प्रत्यक्ष दाखवल्याखेरीज गॅस भरण्याचे पैसे देऊ नयेत.