स्कूटरचे गिअर बदलल्यावर शाफ्ट खराब झाला तर...



आज अनेक गावांत दुधाचे कॅन, भाजीपाला व खताची गोणी बिनगिअरच्या स्कूटरवरून वाहिली जाते. 'बिनगिअरची' म्हणजे गिअर हाताने किंवा पायाने टाकावे लागत नाहीत, एवढेच. मागच्या चाकाजवळील बंद पेटीत गिअरच्या दोन जोड्या असतातच. बेल्टकडून येणारी गती कमी करून त्या ओढ वाढवतात. हे गिअर तीन शाफ्टवर असतात आणि शेवटच्या शाफ्टवरच मागचे चाक बसते. म्हणून या शाफ्टकडे दुर्लक्ष करू नये.

मी शिकवतो पीकशास्त्र. पण गेल्या वर्षी माझ्याच स्कूटरचे गिअर बदलल्यावर आठ दिवसांत घरघर सुरू झाली व मागच्या रिमवर तेल दिसू लागले. पेटी उघडली तेव्हा गिअर चांगले होते. शाफ्टच्या टोकावर मात्र हातोड्याचे घाव होते आणि ऑइल सीलच्या जागी ओरखडा पडला होता.

शाफ्ट का खराब होतो?

बेअरिंगमधून काढताना किंवा बसवताना शाफ्टवर हातोडा मारल्यास आटे बसतात, प्रसंगी शाफ्ट वाकतो. वॉशर विसरला तर गिअर एका बाजूला घासतो. जोडीतील एकच गिअर नवा टाकल्यास दाते नीट जुळत नाहीत. चाकाचा नट सैल राहिल्यास शाफ्टवरील खाचा झिजतात.

काय करावे?

१) आवाज, तेलगळती किंवा चाकाची डगमग जाणवताच गाडी चालवणे थांबवावे. गळणारे तेल मागच्या ब्रेकमध्ये उतरते व ब्रेक लागत नाही.

२) पेटीतील तेल काढून त्यात चुंबक फिरवावे. धातूचे तुकडे चिकटल्यास पेटी उघडणे आवश्यक आहे.

३) शाफ्ट पुसून सपाट काचेवर लोळवावा. तो उड्या मारत असेल तर वाकलेला समजावा.

४) आट्यांची किरकोळ इजा डाय फिरवून व बारीक कोर ऑइल स्टोनने काढता येते.

५) वाकलेला, तडा गेलेला, तापून निळा पडलेला, खाचा झिजलेला किंवा बेअरिंगमध्ये सैल बसणारा शाफ्ट बदलावाच.

असा शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर घासून घेण्याचा मोह होतो, कारण ते स्वस्त पडते. परंतु शाफ्टचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कठीणपणा जातो. असा शाफ्ट भरल्या कॅनसह उतारावर तुटला, तर चाकच निखळते.

नवा शाफ्ट बसवताना

जुन्या शाफ्टशी लांबी, दाते व खाचा जुळवून पाहाव्यात. शाफ्ट ठोकू नये, प्रेसने बसवावा. ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घ्यावे व त्याच्या ओठाला ग्रीस लावावे. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घालावेत. त्यासाठी उघडताना ते कागदावर ओळीने मांडावेत. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे व तेवढेच भरावे. नट टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिला आहे तेवढाच आवळावा. शेवटी चाक हाताने फिरवून पाहावे. ते न अडकता, आवाज न करता फिरले पाहिजे.

फिटर हे काम करत असताना जवळ उभे राहावे. त्याने हातोडा उचलला, तर नम्रपणे थांबवावे.