बैलाने आखलेला चढ

वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या एका मावशींनी मला वर्षानुवर्षं एसटीच्या स्टीअरिंगमागेच पाहिलेलं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी टपरीच्या मेढीला सायकल टेकवली, तेव्हा त्या आधी रस्त्यावर येऊन मागे बघून आल्या.

“ड्रायव्हरदादा, गाडी कुठं बंद पडली?”

“हीच गाडी, मावशी.”

“अन् पॅसेंजर?”

पॅसेंजर म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या पिशव्या. वजन नऊ किलो. तिकीट नाही.

एकोणतीस वर्षं मी एसटी चालवली, त्यातली बहुतेक भोर-महाड, वाई-महाबळेश्वर अशा डोंगरातल्या फेऱ्यांवर. घाट मला पाठ होते, पण ते गिअरवर: इथे तिसरा, या वळणाला दुसरा. सायकलीवर बसल्यावर कळलं, की त्यातलं अर्धं ज्ञान उपयोगाचं आणि उरलेलं अर्धं घातक. आता दर हिवाळ्यात एकदा तरी एक वर्तुळ करतो. भोरहून वरंध घाटाने कोकणात महाडला उतरायचं, महामार्गाने पोलादपूर गाठायचं, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढायचं, पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईत उतरायचं आणि मांढरदेवीवरून परत भोर. दोनशेच्या थोडे वर किलोमीटर, चार दिवस. घाईचा माणूस दोन दिवसांत करेल. त्याने खुशाल करावं.

लोक विचारतात, “या वयात घाट चढवतो?” मी म्हणतो, घाट सोपा. अवघड आहे तो भोर ते हिर्डोशी रस्ता, ज्याला कोणी घाट म्हणत नाही. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने जाताना रस्ता प्रत्येक ओढ्याच्या खोबणीत आत शिरतो, उतरतो, पुन्हा वर येतो. मिळवलेली उंची पुढच्या ओढ्यात खर्च. बसमध्ये हे कधी जाणवलं नव्हतं. सायकलीवर पायांनी मोजून दाखवलं.

खऱ्या घाटाचं तसं नसतं आणि त्याचं श्रेय बैलांना आहे. सह्याद्री पूर्वेकडून टेकड्यांचा गोतावळा आणि पश्चिमेकडून भिंत. ही भिंत उतरायला पूर्वी पायवाटा होत्या, माणसांच्या आणि लमाणांच्या बैलांच्या. महाबळेश्वराहून पार गावाच्या बाजूला उतरणाऱ्या जुन्या वाटेचं नावच रडतोंडीचा घाट. अफझलखानाचं सैन्य 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी उतरलं ते याच वाटेने. पाठीवर ओझं लादलेला बैल अशा वाटेने चढतो, पण गाडीला जुंपलेली बैलजोडी चढत नाही. म्हणून इंग्रजी अमदानीत गाडीरस्ते आखले गेले, तेव्हा बैलांना ओढवेल एवढाच चढ ठेवून डोंगराला वळसे घालत न्यावे लागले. बोरघाट गाड्यांना खुला झाला 1830 मध्ये. आजचा आंबेनळी हा त्या काळचा फिट्झगेराल्ड घाट. विसाला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ आला की माझ्या गुडघ्यांना तो बैलांनी पसंत केलेला वाटतो. सायकलस्वाराची ताकद मोटारीपेक्षा बैलाच्या जवळची. म्हणून नव्याने डोंगरात निघणाऱ्याला माझं सांगणं असतं, की नकाशावर ज्या रस्त्याची वळणं जास्त तो निवड. सरळ रेघेत डोंगरावर जाणारा रस्ता जवळचा दिसतो आणि तोच रडवतो.

आता गिअर. माझ्या सायकलीला पायडलजवळची लहान चक्री 30 दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी 34ची. पायडल एकदा पूर्ण फिरलं की चाक पूर्ण एकदाही फिरत नाही. सायकल जेमतेम 1.85 मीटर सरकते. मिनिटाला 70 वेळा पाय फिरवले, तर ताशी पावणेआठ किलोमीटर. हळू धावणारा माणूस सोबत येईल, इतका हा वेग. वाई ते पाचगणी बारा किलोमीटरचा रस्ता मला दीड तासाचा पडतो, तो असा. पुण्याची पोरं शर्यतीच्या सायकली घेऊन शेजारून जातात आणि माझ्या मागच्या चक्रीकडे बघून हसतात. हसू दे. टूर द फ्रान्समध्येसुद्धा बदलत्या गिअरांना परवानगी मिळाली ती 1937 साली, तोवर तिथेही तो कमकुवतांचा चाळाच समजत. लहान गिअर लावायची लाज बाळगणारे गुडघे पुढे डॉक्टरांना दाखवायला लागतात.

चढाचा हिशेब सोपा. चूक होते ती उताराला, आणि माझी झाली. ड्रायव्हरला पहिला धडा असतो: ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतो. वरंध पहिल्यांदा सायकलीवर उतरताना मी सवयीने लहान गिअर टाकला आणि निश्चिंत झालो. सायकलीला इंजिन कुठे? पाय थांबवले की साखळीचा चाकाशी संबंधच तुटतो. वेग वाढला तसे दोन्ही ब्रेक दाबले आणि दाबूनच ठेवले. खाली माझेरीच्या अलीकडे मागची ट्यूब फटाक्यासारखी फुटली. रस्ता सरळ होता म्हणून निभावलं. रिमला बोट लावलं आणि चटका बसला.

भाचा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने कागदावर मांडून दिलं, की माणूस, सायकल आणि सामान मिळून 90 किलो धरले आणि 600 मीटर उतरताना वेग अजिबात वाढू द्यायचा नाही असं ठरवलं, तर ब्रेक जी उष्णता गिळतात तिच्यावर दीड लिटरहून जास्त पाणी उकळेल. थोडा वाटा वारा उचलतो, पण आपण हळू उतरलो तर वाराही मदतीला येत नाही. तेव्हा ब्रेक सतत दाबायचा नाही. वळणाआधी जोरात, दोन्ही हातांनी, आणि मग सोडायचा. सोडलेल्या वेळात रिम निवते. डिस्क ब्रेक असतील तर टायर फुटायची धास्ती जाते, तरी तापतात तेही. दर चार-पाच किलोमीटरला थांबून दरी बघावी. कारण विचारलं तर ब्रेक निवतोय म्हणून सांगावं.

ड्रायव्हर म्हणून एक गोष्ट मात्र मला इतर सायकलवाल्यांपेक्षा जास्त कळते. तीव्र वळणावर बसची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने येत नाहीत, ती आत कापत येतात. ड्रायव्हर त्या क्षणी समोर बघत असतो आणि सायकलवाला बरोबर त्या आतल्या कोपऱ्यात, सावली आहे म्हणून, पाण्याची बाटली काढून उभा असतो. तिथे उभं राहू नका. थांबायचं तर वळण संपल्यावर, दोन्हीकडून दिसेल अशा जागी. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असा नियम आहे आणि सायकल हेही वाहन आहे. पण हा मुद्दा समोरून उतरणाऱ्या ट्रकशी वाद घालून सिद्ध करायचा नसतो.

महाड-पोलादपूर वीसेक किलोमीटर महामार्गाचे, गरम आणि कंटाळवाणे. ते सकाळी आठच्या आत संपवावेत. पुढचा आंबेनळी हा या वर्तुळाचा गाभा. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि मध्ये सुमारे 40 किलोमीटर. मी तो एका दमात चढत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याला कुंभरोशीत मुक्काम करतो. पिठलं-भाकरी मिळते आणि लोक लवकर झोपतात. खालून येताना अंगाला चिकटणारी हवा इथे सुटते, शर्ट वाळतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालं, की बराच वेळ सावलीत जातो, कारण उतार पश्चिमेकडचा आणि सूर्य डोंगराआड. कोकणाकडून चढण्याचा हा मोठा फायदा कोणी सांगत नाही.

पावसाळ्यात मात्र फोटोंना भुलून इकडे येऊ नये. जुलै 2021मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला. महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला. वरंधही दरडींमुळे पावसाळ्यात वरचेवर बंद होतो. बसमध्ये निदान डोक्यावर पत्रा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ. तेव्हा काळजी दरडीची नसते, बाभळीच्या काट्याची असते. दोन ट्यूब, ठिगळं, पंप जवळ ठेवावा. घाटात पंक्चरवाला भेटेलच असं नाही.

शेवटच्या दिवशी वाईहून मांढरदेवी. हा रस्ता बैलांना विचारून केलेला नाही, असं माझं मत. साठीच्या पायांना तो आंबेनळीपेक्षा उभा वाटतो, आणि दोन ठिकाणी मी उतरून सायकल ढकलतो. त्यात कमीपणा नाही. वरून भोरच्या बाजूला उतरताना ब्रेकचा वरचा सगळा पाठ पुन्हा आठवायचा.

एक लक्षात ठेवा. पौष पौर्णिमेला मांढरदेवीला काळूबाईची जत्रा असते, म्हणजे नेमकी सायकलीच्या हंगामात. त्या दिवसांत या रस्त्यावर गाड्यांची आणि माणसांची एवढी गर्दी असते, की सायकल ढकलायलाही जागा मिळत नाही. पंचांग बघून रजा टाका.