गाडी सुरू, दारं बंद
(गाडीतली वीज : लेखांक ६)

कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत पारा उणे तिसाच्या खाली उतरला तर कुणी त्याची बातमी करत नाही. तिथे रिमोट स्टार्टरला चैन म्हणत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बटण दाबायचं, चहा संपवायचा, आणि खाली उतरेपर्यंत काचेवरचा बर्फ सुटलेला असतो. गेल्या दोन लेखांत आपण इग्निशनच्या जाड तारा पाहिल्या. १ सप्टेंबर २००७ पासून कॅनडात नव्या गाड्यांना सक्तीचा झालेला इमोबिलायझर आणि त्याला समजावणारं बायपास मॉड्यूलही पाहिलं. एवढं नीट जमलं की माणूस खुशीत खाली येतो, कंपनीच्या चावीवरचं अनलॉकचं बटण दाबतो आणि दार ढिम्म हलत नाही.

यात बिघाड काहीच नसतो. बऱ्याच गाड्यांत इग्निशन चालू दिसलं की दारं सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल धरून चालतं की चावी आत लागली आहे आणि चालक आत बसला आहे. मग बाहेरून येणारा रिमोटचा हुकूम ते ऐकतच नाही. कंपनीच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच, पण आपण चावीशिवाय इग्निशन चालू केलं आहे हे तिला कोण सांगणार? म्हणून इंजिन चालू असताना दारं उघडण्या-मिटण्याचं कामही रिमोट स्टार्टरलाच करावं लागतं. दुसरी अडचण कंपनीच्या अलार्मची. तो अनलॉक झाल्याशिवाय शांत होत नाही अशा गाड्यांत आधी अनलॉक, मग स्टार्ट, आणि लगेच पुन्हा लॉक असा क्रम बसवावा लागतो. यातला शेवटचा लॉक विसरला, तर रस्त्यावर इंजिन चालू आणि दार उघडं अशी गाडी आपण चोराच्या हवाली करतो.

स्टार्टरच्या डब्यातून लॉक आणि अनलॉक अशा दोन बारीक तारा निघतात. बटण दाबलं की त्यांच्यावर सेकंदभरापेक्षाही कमी वेळ निगेटिव्ह पल्स येतो, आणि त्याची ताकद काहीशे मिलिअँपिअर. दारातली मोटर मात्र एकटीच काही अँपिअर खाते, आणि दारं चार. म्हणजे या तारा मोटर फिरवू शकत नाहीत, फक्त इशारा करू शकतात. तो इशारा कुणाला आणि कशा रूपात द्यायचा, हे गाडीगणिक बदलतं. या विषयात माझं एकच ठाम म्हणणं आहे : तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावून तारेलाच विचारा.

सोपे प्रकार लवकर उरकतो. दारावरच्या लॉक स्विचची तार एरवी बारा व्होल्टच्या आसपास दिसते आणि बटण दाबताच शून्यावर येते, तर ती निगेटिव्ह ट्रिगर. जपानी गाड्यांत हा प्रकार भरपूर. स्टार्टरची बारीक तार तिला थेट जोडायची, संपलं. उलट एरवी शून्य आणि दाबल्यावर बारा व्होल्ट येत असतील तर ती पॉझिटिव्ह ट्रिगर. तिथे मध्ये दोन रिले घालून निगेटिव्ह पल्सचा पॉझिटिव्ह करावा लागतो.

खरी गंमत पोलॅरिटी उलटवणाऱ्या जोडणीत आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या अनेक अमेरिकन गाड्यांत आणि पिकअपमध्ये ती सापडते. इथे मध्ये कंट्रोल मॉड्यूल नाही, रिलेही नाही, स्विचमधून वीज थेट मोटरला जाते. मोटरच्या दोन तारा. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ दिला की लॉक, उलट केलं की अनलॉक. स्विच मोकळा असताना दोन्ही तारा स्विचमधूनच अर्थला टेकलेल्या असतात, आणि घात इथेच होतो. नवशिका फिटर मोटरच्या तारेचं आवरण सोलतो आणि रिलेतून आलेले बारा व्होल्ट तिथे जोडतो. पण ती तार आधीच अर्थवर आहे! रिले ओढला गेला की बॅटरी सरळ बॉडीशी शॉर्ट होते आणि फ्यूज उडतो. जागच्या फ्यूजऐवजी कुणी मोठा घातला असेल तर फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं.

म्हणून ही तार कापावीच लागते. पाच टोकांचे दोन रिले घ्यायचे, टोकांचे आकडे जर्मन डीआयएन मानकातले. ३० नंबर मोटरच्या बाजूला, ८७-ए स्विचच्या बाजूला, ८७ वर फ्यूज लावून बारा व्होल्ट, ८६ वरही बारा व्होल्ट, आणि ८५ ला स्टार्टरची बारीक तार. रिले निवांत असताना ३० आणि ८७-ए जोडलेले राहतात, म्हणजे जुना स्विच पूर्वीसारखाच चालतो आणि अर्थही मिळत राहतो. पल्स आला की ३० नंबर स्विचला सोडून ८७ वर जातो. त्या तारेला बारा व्होल्ट मिळतात, दुसऱ्या तारेचा अर्थ जागेवरच असतो, मोटर फिरते. अनलॉकसाठी दुसरा रिले तसाच. कागदावर एकदा काढून पाहा. या जोडणीइतकी देखणी जोडणी गाडीत दुसरी नाही, असं मला वाटतं.

हिची आपल्याकडच्या सेंट्रल लॉकिंग किटशी मात्र गल्लत करू नका. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये चालकाच्या दारातल्या ॲक्च्युएटरला पाच तारा असतात आणि इतर दारांत दोन. त्या पाचांतल्या दोन मोटरच्या, उरलेल्या तीन स्विचच्या. चालकाची खुंटी वर झाली की खाली, हे त्या तीन तारा डब्याला कळवतात. रिलेच्या टोकांसारखा इथेही आकडा पाचच, पण काम वेगळं.

पुढच्या पिढीच्या काही गाड्यांत लॉक आणि अनलॉक दोन्ही एकाच तारेवर. एकच घंटा, पण किती जोरात वाजली यावरून घरातल्यांनी पाहुणा ओळखावा, तसं मॉड्यूल त्या तारेवरचं व्होल्टेज मोजून हुकूम ओळखतं. इथे योग्य किमतीचा रेझिस्टर घालूनच पल्स द्यायचा. थेट अर्थ दिला तर लॉकच्या जागी अनलॉक होऊ शकतं.

आणि आता डेटा. बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत कॅन बस, म्हणजे मॉड्यूलांनी एकमेकांना संदेश पाठवायची वाट, मांडली. २००८ मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना निदानाच्या पोर्टवर ती सक्तीची झाली. दारांचे हुकूम त्याच बसवरून जातील असं नाही, अनेकदा ते वेगळ्या, संथ बसवरून जातात. पण पल्सऐवजी संदेश जातो एवढं खरं. बायपास मॉड्यूलमध्ये आपल्या मॉडेलचा प्रोग्राम भरला की तेच लॉक-अनलॉकचा संदेश पाठवतं, आणि वर लिहिलेली रिलेंची कसरत वाचते. सोय मोठी आहे. पण मॉडेलचं साल एकाने चुकलं तरी दार हलत नाही, आणि तेव्हा मीटर धरता न येणारा फिटर नुसता हताश उभा राहतो.

जोड दाराच्या आत देऊ नका. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तारा रोज वाकतात आणि थंडीत कडक होऊन तुटतात. डॅशबोर्डखाली, पायाजवळच्या पॅनेलमागे जोडा. पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या, त्यांना हात नाही, मीटरही नाही. बल्बवाला टेस्ट लॅम्प मॉड्यूलच्या तारांना लावू नका, तो जास्त करंट ओढतो. आणि चाचणी घेताना चालकाकडची काच पूर्ण खाली ठेवा, नाहीतर इंजिन चालू, दारं बंद आणि चावी आत.

पुढच्या आठवड्यात ब्रेक पेडल आणि बॉनेटचा स्विच. गाडी मॅन्युअल गिअरची असेल, तर तो लेख वाचल्याशिवाय स्टार्टरची तार जोडू नका. गिअरमध्ये उभी असलेली गाडी सेल मारताच पुढे उडी घेते, आणि आत ब्रेक दाबायला कुणी नसतं.