पोलादातले उपयोगी कण

पोलादातला ऑक्साइडचा कण म्हणजे दोषच, हा समज अर्धाच खरा. सुमारे 1600 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोलादात ॲल्युमिनियम असेल, तर ऑक्सिजनवर पहिला हक्क त्याचा. टायटॅनियमच्या वाट्याला फारसं उरत नाही. म्हणून टायटॅनियमचे ऑक्साइड हवे असतील, तर ॲल्युमिनियम अगदी कमी ठेवावं लागतं. एवढा खटाटोप कशाला? टायटॅनियम ऑक्साइडचा मायक्रॉनभर कण आजूबाजूचं मँगनीज शोषून घेतो, असं मानलं जातं. पोलाद थंड होताना मग त्याच्याभोवतीच्या, मँगनीज कमी झालेल्या भागात फेराइटच्या (लोखंडाच्या एका स्फटिकरूपाच्या) सुईसारख्या पात्या एकमेकींत गुंतत वाढतात आणि तड्याला सरळ वाट मिळत नाही. कणांपासूनच तडे सुरू होतात, हा आक्षेप मोठ्या कणांबाबत रास्त आहे. पण वेल्डिंगच्या सांध्यालगत बारीक, विखुरलेले कणच चिवटपणा राखतात. आकारावर ताबा ठेवता येत नसेल, तर मात्र ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन बांधून टाकणंच बरं.